साथीच्या काळातील गुरुजन

शिक्षकाचे काम म्हणजे पुस्तकातील मजकूर मुलांना समजावून सांगणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. वर्गात धडा चालू असता शिक्षकाची दृष्टी पुस्तकावर थोडी आणि मुलांच्या मुद्रांवर अधिक असते. कोणाच्या कपाळाला आठी पडली, कोण ओठ चावीत खाली पाहू लागला, कोणाचे डोळे एकदम लकाकले, हे तो क्षणोक्षणी पाहत असतो आणि त्यावरून पुढे जावे की तीच गोष्ट निराळ्या रीतीने पुन्हा सांगावी, हे ठरवीत असतो. ‘समजले का?’ असे विचारले, तर सारा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. खरे उत्तर मात्र मुलांच्या चेहऱ्यांवर लिहिलेले असते. शिक्षक आणि विद्यार्थी एका खोलीत समोरासमोर असणे हाच शिकवण्याचा पाया होय. २०२० साली पसरलेल्या कोरोनाच्या साथीने नेमका ह्या पायावर घाव घातला.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ हा रोग जगभर पसरलेली साथ असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळांना कुलपे लागू लागली आणि २५ मार्चपासून सारा देशच टाळेबंदीत गेला. दहावीच्या परीक्षेतील भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि शेवटी रद्द झाला. एप्रिलपर्यंत जगातील १९०हून अधिक देशांत मिळून सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांचे शिक्षण ह्या साथीमुळे खंडित झाले होते.

साथीचा आणि शाळेचा हा उभा दावा का, ते समजण्यासाठी रोग कसा पसरतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. ह्या रोगाचे विषाणू रोग्याच्या श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांबरोबर हवेत येतात. खोली बंद असली, माणसे दाटीने बसलेली असली आणि त्यांतील कोणी मोठ्याने बोलत असला, म्हणजे त्यांचे चांगलेच फावते. आता वर्गाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. एका खोलीत चाळीस-पन्नास मुले, एका बाकावर दोघे-तिघे आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचावा म्हणून मोठ्याने बोलणारे गुरुजी! शिवाय मुलांत हा रोग बहुधा सौम्य असे, कित्येकदा त्याचे एकही लक्षण दिसत नसे. समोर हसतखेळत बसलेल्या मुलापासून आपणांस रोग होईल की काय, हे शिक्षकाला कळावयाचा काही मार्ग नव्हता. तरुण शिक्षकाला तो झाला, तर बहुधा तो त्यातून उठे. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या शिक्षकाला तो प्राणघातक ठरू शकत असे. आणि स्वतःपेक्षाही घरच्या माणसांची धास्ती अधिक. शाळेतून घरी गेल्यावर दारातच वाट पाहत बसलेले वृद्ध आईवडील किंवा धावत येऊन बिलगणारे तान्हे मूल, ह्यांना आपल्याकडून रोग लागेल, ही शंका माणसाला स्वस्थ झोपू देत नाही.

हे झाले एक भय. त्याच्याच शेजारी दुसरे भय होते आणि ते वाटणारा माणूसही तोच होता. मुले शाळेपासून दूर राहिली, तर त्यांचे काय होणार? नुकतेच जोडाक्षर वाचू लागलेले मूल वर्षभर पुस्तकाला पारखे झाले, तर ते वाचणे विसरते. घरात पैशाची चणचण निर्माण झाली, की मोठ्या मुलाला कामाला लावतात, मुलीचे लग्न उरकून टाकण्याचा विचार बोलला जाऊ लागतो. ज्या घरांत दुपारचे जेवण शाळेतील खिचडीवर भागत असे, त्या घरांतील मुलांची तर गोष्टच वेगळी. खेड्यांत आणि शहरांच्या गरीब वस्त्यांत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षकांना ह्या गोष्टी कोणी सांगावयास नको होत्या. मुलांजवळ जावे तर रोगाची भीती, दूर राहावे तर मुले हातची जाण्याची भीती, अशा दुहेरी पेचात ते सापडले होते. त्या काळी शाळा उघडण्यास कचरणाऱ्या शिक्षकांना कोणी भित्रे म्हटले, तर शाळा उघडा म्हणणाऱ्यांना कोणी बेपर्वा म्हटले. दोन्ही दूषणे अन्यायाची होती, कारण बहुधा एकाच मनात दोन्ही विचार भांडत होते.

शाळा बंद असली, तरी शिक्षण बंद पडू नये म्हणून मोबाइलवरून शिकवण्याचा मार्ग निघाला. ज्यांनी उभा जन्म खडू आणि फळा ह्यांवर काढला, त्यांना आता एका लहानशा काचेकडे पाहून बोलावयाचे होते. ते अवघड खरेच. पण त्याहून अवघड होते ते पलीकडून काहीच न दिसणे. गोंगाट होऊ नये म्हणून मुलांचे आवाज बंद ठेवलेले असत, आणि जोडणी तुटू नये म्हणून चित्रही. विनोद केला तरी हसू ऐकू येत नसे. प्रश्न विचारला, की शांतता. ती शांतता उत्तर न आल्याची, की मूल तेथे नसल्याची, हेही कळत नसे. एखादे वेळी पलीकडून कुकरची शिट्टी किंवा कोंबड्याचे आरवणे ऐकू आले, तर शिक्षकाला बरेच वाटे. निदान तिकडे कोणी आहे!

आणि ज्यांच्या घरी असा मोबाइलच नव्हता, त्यांचे काय? ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ ह्या उपक्रमात सप्टेंबर २०२० मध्ये असे आढळले, की शाळेत नाव असलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ६२ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे सुमारे ३८ मुलांच्या घरी तो नव्हताच. आणि जेथे होता, तेथेही तो बहुधा वडिलांच्या खिशात, दिवसभर कामावर जाई. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली जाऊ लागली, तिचा पुष्कळांना उपयोग झाला. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे, आकृत्या आणि सूत्रे रंगवून घेतली, म्हणजे मुलांना येताजाता, गर्दी न करता अभ्यास करता यावा. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात एका सेवाभावी संस्थेने ‘बोलकी शाळा’ काढली. ध्वनिवर्धकातून धडा ऐकू येई आणि मुले अंतर राखून उघड्यावर बसत. कित्येक शिक्षक छापलेले अभ्यासपत्र घेऊन घरोघर हिंडले, ओसरीच्या कडेला उभे राहून त्यांनी गणिते तपासली. असे करताना शिकवल्याचे समाधान मिळे. तसेच आपण चार घरांत गेलो, त्यांतून रोगही नेला नाही ना, ही रुखरुख परतताना सोबतीला असे.

शिकवण्याखेरीज इतर कामेही शिक्षकांवर पडली. कोणी जिल्ह्याच्या सीमेवरील तपासणी नाक्यांवर उभे राहिले, कोणी शिधावाटपाच्या दुकानांवर देखरेख केली, कोणी घरोघर फिरून लोकांचे तापमान मोजले आणि आजाऱ्यांच्या नोंदी केल्या. शिजवलेली खिचडी देणे बंद झाल्यामुळे तांदूळ आणि कडधान्ये मोजून पालकांच्या पिशव्यांत घालण्याचे कामही शाळेतच होई. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून गावी परतणाऱ्या लोकांना काही दिवस वेगळे ठेवावे लागे, त्यासाठी अनेक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळाच वापरल्या गेल्या. ज्या भिंतींवर बाराखडी आणि पाढे, त्यांच्या खाली सतरंज्या आणि गाठोडी! ह्या कामांत काही शिक्षकांना रोग जडला आणि त्यांतील काही जण पुन्हा वर्गात आलेच नाहीत.

शाळा उघडी ठेवावी की बंद, हा वाद काही २०२० मध्येच प्रथम झाला असे नाही. १९१८ साली इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली, तेव्हा अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो ह्या शहरांनी मात्र त्या उघड्या ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड ह्यांचे म्हणणे असे, की गरिबांची मुले दाटीच्या, कोंदट घरांत राहतात. त्यापेक्षा शाळेच्या हवेशीर खोल्यांत, शिक्षकांच्या आणि डॉक्टरांच्या नजरेखाली ती सुखरूप राहतील. तेथे शिक्षक रोज सकाळी प्रत्येक मुलाला न्याहाळीत आणि आजाराची शंका येताच त्याला वेगळे करीत. कोरोनाच्या साथीत एवढा सरळ हिशेब मांडता येत नव्हता, कारण लक्षणे न दिसणाऱ्या मुलाला न्याहाळून उपयोग काय?

२३ नोव्हेंबर २०२० पासून महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग उघडण्याचे ठरले. त्यापूर्वी शिक्षकांनी आपली तपासणी करून घ्यावयाची होती. तपासणी केंद्रांवर शिक्षकांच्या रांगा लागल्या, आणि धडधाकट दिसणाऱ्या पुष्कळांना रोग असल्याचे आढळून आले. कित्येक शहरांनी मग शाळा उघडणे लांबणीवर टाकले. जेथे उघडल्या, तेथे पालकांची लेखी संमती, एका बाकावर एकच मूल, दाराशी हात धुण्याची सोय आणि प्रत्येकाच्या तोंडावर मुखपट्टी, असा थाट होता. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीची मुलेही बऱ्याच ठिकाणी आली. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये साथीची दुसरी लाट उसळली आणि नुकतीच उघडलेली दारे पुन्हा लावावी लागली. पहिल्या वेळी शाळा बंद झाली, तेव्हा ती पंधरा दिवसांत उघडेल असे सर्वांना वाटले होते. ह्या वेळी तसे कोणालाच वाटले नाही.

त्या वर्षी शिक्षकांच्या पुढे एक नवेच संकट उभे राहिले. एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. सुमारे १६ लाख मुलांचा निकाल लावावयाचा तो कशावरून? अखेर असे ठरले, की निम्मे गुण नववीच्या निकालावरून आणि उरलेले दहावीच्या वर्षात शाळेने घेतलेल्या चाचण्या, गृहपाठ, तोंडी परीक्षा इत्यादींवरून द्यावे. एरव्ही उत्तरपत्रिका परगावी जाते, तपासणाऱ्याला मुलाचे नावगाव ठाऊक नसते, आणि त्यामुळे त्याचे मन निःशंक असते. आता गुण देणारा मुलाला ओळखत होता. किंवा अधिक अवघड म्हणजे, ओळखावयास हवा होता, पण वर्षभर त्याने मुलाला पाहिलेच नव्हते. ज्याच्याकडे मोबाइल नाही म्हणून ज्याने गृहपाठ पाठवला नाही, त्याला किती गुण द्यावे? कमी द्यावे, तर गरिबीची शिक्षा होते. सढळ हाताने द्यावे, तर रात्री उशिरापर्यंत बसून गृहपाठ पुरा करणाऱ्या मुलीवर अन्याय होतो. १६ जुलै रोजी निकाल लागला आणि शेकडा ९९.९५ मुले उत्तीर्ण झाली. पालकांना आनंद झाला. गुणपत्रकांवर आकडे भरणाऱ्या अनेकांच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही.

दरम्यान लस आली होती. प्रथम आरोग्यसेवक, मग वृद्ध, मग ४५ वर्षांवरील आणि मे २०२१ पासून सर्व प्रौढ, असा तिचा क्रम होता. त्या वर्षीच्या शिक्षकदिनापूर्वी, म्हणजे ५ सप्टेंबरच्या आत, सर्व शिक्षकांचे लसीकरण व्हावे असा आग्रह केंद्र सरकारने धरला. लशीने रोगाचा धोका नाहीसा झाला नाही, पण त्याची धार बोथट झाली, आणि शिक्षकांच्या मनावरील पहिल्या भयाचे ओझे पुष्कळ हलके झाले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून गावांत पाचवीपुढील आणि शहरांत आठवीपुढील वर्ग भरू लागले; डिसेंबरमध्ये अगदी लहान मुलांची पाळी आली.

ही लहान मुले आली, तेव्हा दुसऱ्या भयाची प्रचीती येऊ लागली. जून २०२० मध्ये ज्यांची नावे पहिलीत घातली होती, ती मुले आता दुसरीत होती; त्यांतील बहुतेकांनी वर्ग असा पाहिलेलाच नव्हता. रांगेत कसे उभे राहावे, दप्तर कोठे ठेवावे, पाणी पिण्यास जाण्यासाठी विचारावे लागते, येथपासून सुरुवात. हातात पुस्तक दुसरीचे आणि अक्षरओळख मात्र अर्धीमुर्धी. चौथीतील काही मुले पूर्वी वाचत असत, ती आता अडखळत होती. ‘असर’च्या पुढील पाहणीत हेच चित्र देशभर दिसले: ग्रामीण भागात तिसरीतील १०० मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे २७ होती, ती २०२२ साली विसाच्या आसपास आली.

जानेवारी २०२२ मध्ये शाळा आणखी एकदा बंद होऊन त्याच महिन्यात उघडल्या. मुखपट्टी तर होतीच. ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘म’ ही अक्षरे उच्चारताना ओठ कसे मिटतात, हे लहान मुले शिक्षकाच्या तोंडाकडे पाहूनच शिकतात. म्हणून काही शिक्षिका वर्गाच्या दारापर्यंत मागे सरत, क्षणभर मुखपट्टी खाली करून अक्षर उच्चारून दाखवीत आणि पुन्हा ती वर ओढून मुलांजवळ येत. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्या वर्षी एप्रिलमध्येही शाळा भरत होत्या. एकेक करून मुले उघड्या तोंडाने येऊ लागली. कित्येक महिने ज्यांना केवळ डोळ्यांवरून आणि आवाजावरून ओळखले, त्या मुलांचे पूर्ण चेहरे शिक्षकांना आता दिसत होते. दुसरीच्या वर्गात तर बऱ्याच जणांचे पुढचे दुधाचे दात पडून गेले होते आणि काहींचे नवे अर्धे वर आले होते.