एक मणी कमी

हैदराबादच्या बेगम बाजारात काजू घ्यायचा तर आधी आकडा सांगावा लागतो. 240 की 320? पौंडात किती दाणे बसतात त्याचा हा आकडा. तो जितका मोठा, तितका दाणा बारीक आणि भाव कमी. दुसऱ्या निजामाची पत्नी हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना जागा दिली आणि त्यावर ही पेठ वसली, असं सांगतात. आज सुका मेवा, मसाले, भांडी सगळं इथे घाऊक मिळतं. पोटाच्या तक्रारींसाठी हिंग, ओवा आणि इसबगोलही मिळतो. इसबगोलाचं काम सरळ आहे. तो आतड्यात पाणी धरून ठेवतो.

पण आतडंच उरलं नसेल तर?

गँगरीन झालं, अपघात झाला किंवा क्रोन्सचा आजार बळावला, की सर्जनला कधीकधी आतड्याचा मोठा भाग कापून काढावा लागतो. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यातलं दोन मीटरपेक्षा कमी उरलं, की ‘शॉर्ट बॉवेल सिंड्रोम’ची भीती असते. खाल्लेलं अंगी लागत नाही. मग रात्र रात्र शिरेवाटे पोषण द्यावं लागतं.

खरं तर उरलेल्या आतड्याला वाढायला सांगणारा निरोप्या शरीरातच असतो. जीएलपी-2 हे 33 अमिनो आम्लांचं पेप्टाइड आतड्याच्याच पेशींतून सुटतं. त्याने आतड्याचं अस्तर वाढतं, हे टोरोंटोच्या डॅनियल ड्रकर यांनी 1996 मध्ये दाखवलं. अडचण एवढीच, की रक्तात ते काही मिनिटंच टिकतं. डीपीपी-4 नावाचं विकर त्याची सुरुवातीची दोन अमिनो आम्लं छाटून टाकतं. दुसऱ्या जागच्या ॲलनिनऐवजी ग्लायसिन बसवलं, तर ही कात्री बोथट होते. एवढ्या एका बदलातून टेड्युग्लुटाइड तयार झालं. 2012 मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि बाजारात आलं तेव्हा त्याची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या घरात होती! ते रोज टोचावं लागतं. आठवड्यातून एकदाच टोचायच्या ॲप्राग्लुटाइडमध्ये चार जागा बदलल्या आहेत. दहाव्या जागचं मेथिओनिन ऑक्सिजनने खराब होतं, म्हणून तिथे नॉरल्युसीन आहे. अकराव्या जागी बसवलेलं फेनिलॲलनिन उलट्या हाताचं आहे, आरशात दिसावं तसं.

टेड्युग्लुटाइड मूळ कंपनी ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेते. दुसरी वाट रसायनशास्त्राची. ब्रूस मेरिफिल्ड यांनी 1963 मध्ये ती दाखवली आणि 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तळाशी जाळी असलेल्या भांड्यात रेझिनचे बारीक दाणे फुगवायचे, पहिलं अमिनो आम्ल त्यांना चिकटवायचं, त्याचं संरक्षक टोपण काढायचं, धुवायचं, पुढचं जोडायचं, पुन्हा धुवायचं. या धुण्यापायी किलोभर पेप्टाइडमागे टनांनी द्रावक लागतं. जोडणी पुरी झाली का, हे पाहायला चार दाणे काढून त्यांवर निनहायड्रिन टाकतात. दाणे निळे पडले, की काम अपुरं राहिलं. (कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला पोलीस वापरतात, तेच हे रसायन.)

आणि इथेच खरी मेख आहे. अमिनो आम्लांच्या 33 मण्यांना 32 जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी 99 टक्के साधली, तरी शेवटी पूर्ण माळा 72 टक्क्यांच्या आसपासच निघतात. 98 टक्के साधली तर जेमतेम 52. बाकीच्यांत कुठे एक मणी कमी, कुठे एखादा फिरलेला. वजन जवळजवळ तेच, स्वभावही तोच. माझ्या मते या धंद्याचं कसब जोडण्यात कमी आणि निवडण्यात जास्त आहे.

काजू चाळणीने निवडता येतो, पण इथे चाळणी नाही. सिलिकाच्या कणांवर 18 कार्बनच्या तेलकट शेपट्या लावून ते पोलादी स्तंभात दाबून भरतात. वरून पेप्टाइड सोडायचं आणि पाण्यात ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचं. जो रेणू जितका तेलकट, तितका तो उशिरा सुटतो. बाहेर पडणारा द्राव लहान लहान वाट्यांत गोळा होतो, प्रत्येक वाटी वेगळी तपासली जाते आणि चांगल्या तेवढ्याच एकत्र होतात. मग आम्लता बदलून दुसरी फेरी. शेवटी गोठवून, निर्वातात सुकवून पांढरी भुकटी हाती येते.

बेगम बाजारात यातलं काही होत नाही. पण शहराच्या वेशीवर हा उद्योग रुजलेला आहे. 1961 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी आयडीपीएलचा कारखाना बालानगरला आला आणि त्याने रसायनतज्ज्ञांची एक पिढी घडवली. मुंबईच्या यूडीसीटीत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पीएचडी झालेले अंजी रेड्डी तिथेच नोकरीला होते. 1984 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. हैदराबादच्या औषधांचा एक धागा असा पुण्या-मुंबईतून आलेला आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कुणाला आठवत नाही. आज इथली दिवीज ही कंपनी पेप्टाइडसाठी लागणारी टोपण घातलेली अमिनो आम्लं पुरवते आणि न्यूलँड पेप्टाइडं बनवते.

रसायनाच्या वाटेने बनवलेल्या पेप्टाइडांना अमेरिकेचं दारही उघडं आहे. तिथल्या औषध नियामक एफडीएने 2021 मध्ये पाच पेप्टाइडांची यादी देऊन सांगितलं, की सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या मूळ औषधाची रसायनाने केलेली नक्कल जेनेरिक म्हणून चालेल. टेड्युग्लुटाइड त्या पाचांत आहे. पण अटी आहेत: मूळ औषधात नसलेली नवी अशुद्धी अर्ध्या टक्क्यापुढे जाता कामा नये, आणि 0.1 टक्क्यापुढे गेली तर ती कोणती हे ओळखून दाखवायचं.

तुकडा काजूलाही बेगम बाजारात गिऱ्हाईक असतं, बर्फीवाल्यांचं. स्तंभातून निघालेल्या बाजूच्या वाटीला तसं कुणी नाही. तिच्यात चांगला माल पुरेसा असेल तर ती पुन्हा स्तंभावर चढते, नाहीतर भट्टीत जाते.