काळा कण: लोखंड, कोळसा की वाळू?

(लेखांक 7)

भिलाई या पोलादनगरीतल्या खुर्सीपारमध्ये खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं की काळपट-तांबूस धूळ लागते. ती कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवा. काही कण केस उभे राहावेत तसे उठतात आणि चुंबकामागे सरकतात. बाकीचे जागचे हलत नाहीत. हलणाऱ्यांत लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड आहे. न हलणाऱ्यांत चुलीची काजळी, रस्त्याची माती, वाळूचा चुरा, टायरचं रबर, काहीही असू शकतं. खिडकीतली धूळ अशी निवडता येते. पण फुप्फुसात खोलवर रुतलेला कण केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा असतो, आणि तोही पेशीने गिळलेला. तो कसा ओळखायचा?

मागच्या आठवड्यात आपण पॅथॉलॉजीची काचपट्टी पाहिली. तिथे काळा ठिपका दिसला की कार्बन म्हणायची रीत आहे. लोखंडासाठी निळा रंग देतात; पण आपल्याच रक्तातून साठलेलं लोहही तसंच निळं होतं. ऊतक टिकवायला वापरलेलं फॉर्मालिनसुद्धा कधीकधी तपकिरी कण मागे सोडतं. म्हणजे रंगावरून संशय घेता येतो, पुरावा मिळत नाही.

पुरावा वर्णपटातून मिळतो. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना जो परिणाम सापडला, तोच इथे कामी येतो. (हेच रामन त्याआधी वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती आणि आपला दुर्ग जिल्हा त्याच प्रांतात होता.) कणावर एकाच रंगाचा लेसर टाकला की विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा परततो. कोट्यवधींतला एखादा प्रकाशकण मात्र रेणूंच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन किंचित बदललेला येतो. हा बदल किती, हे पदार्थागणिक ठरलेलं असतं. स्फटिकी वाळूची, म्हणजे क्वार्ट्झची, ठळक रेषा या बदलाच्या मापावर (प्रति सेंटिमीटर एककात) 464 या आकड्याजवळ येते. काजळीचे दोन पसरट उंचवटे 1350 आणि 1590 च्या आसपास दिसतात. तांबड्या लोह-ऑक्साइडच्या रेषा 225 आणि 290 जवळ असतात. सूक्ष्मदर्शकाला हे यंत्र जोडलं की एका मायक्रॉनच्या कणाचीही ओळख पटू शकते.

पोलादनगरीत राहणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. गंजाला रामन वर्णपट आहे, शुद्ध लोखंडाला नाही. धातूच्या कणासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कणातून क्ष-किरण निघतात आणि त्यांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य कळतं. दोन्ही पद्धती हाताशी असल्या तर उत्तर पक्कं होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? वेल्डिंग करणाऱ्याच्या फुप्फुसात लोह-ऑक्साइड साठतं, त्याला सिडेरोसिस म्हणतात. एक्स-रेत ठिपके दिसतात, पण निव्वळ लोहाच्या धुळीने सहसा फुप्फुस घट्ट होत नाही. क्वार्ट्झच्या धुळीने होतं. तो सिलिकोसिस, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. कोक भट्ट्या सिलिकाच्या विटांनी बांधतात, त्यामुळे वीटकाम तोडणाऱ्याला त्या धुळीचा धोका असतो. म्हणजे एक्स-रेतले ठिपके सारखे दिसले, तरी दोन कामगारांचं पुढचं आयुष्य अगदी वेगळं असू शकतं. 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याजोगा रोग ठरवला. तेव्हा कण कशाचा, हा प्रश्न हक्काचाही आहे.

यंत्रावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. ऊतक कापण्यासाठी ते मेणात बसवतात, आणि मेणाचा वर्णपट पॉलिथिनच्या फार जवळचा असतो; म्हणून शरीरात प्लास्टिकचे कण शोधणाऱ्याची फसगत होऊ शकते. प्रयोगशाळेच्या हवेतला कपड्याचा धागाही नमुन्यात पडतो. इटलीत वारेत (प्लॅसेंटात) प्लास्टिकचे कण शोधण्याचं 2021 साली छापलेलं काम मला यासाठीच मोलाचं वाटतं. प्रसूतिगृहातच प्लास्टिक टाळून सुती हातमोजे आणि टॉवेल वापरले होते. सहापैकी चार वारांत मिळून 12 कण सापडले. त्यांतले तीनच पॉलिप्रॉपिलीन म्हणून ओळखता आले. उरलेल्या नवांचा फक्त रंगद्रव्याचा वर्णपट मिळाला, आणि संशोधकांनी तसंच लिहिलं. ऊतक न घातलेला कोरा नमुना सोबत न तपासता शरीरात प्लास्टिक सापडल्याचं सांगणारी बातमी मी तरी मानणार नाही.

एक खुलासा महत्त्वाचा. सिलिकोसिसच्या निदानासाठी बहुतेकदा फुप्फुसाचा तुकडा काढावा लागत नाही. एक्स-रे आणि कामाचा इतिहास पुरतो. एक्स-रे निघतो, इतिहास विचारायचा राहून जातो. ठेकेदारीवर काम करणाऱ्याचा ठेकेदार बदलतो, खातं बदलतं, कागद उरत नाही. म्हणून खुर्सीपारच्या वाचकांना सांगणं आहे: घरात कुणी कारखान्यात किंवा ठेक्यावर काम केलं असेल, तर आज वहीचं एक पान काढा. कोणत्या साली, कोणत्या खात्यात, नेमकं काय काम, धूळ कसली आणि तोंडाला काय बांधत होते, एवढं लिहा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ते पान एक्स-रेच्या पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांच्यापुढे ठेवा.