बोटीने गोव्याला, साखर आणि बीपी सोबत घेऊन

बोटीच्या सहलीला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या आष्ट्याच्या वस्तीत दोनच प्रश्न येतात. किती पैसे गेले? आणि उलट्या झाल्या का? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. पैसे दोन वर्षे भिशीत साठवलेले गेले. आणि हो, उलट्या झाल्या.

टीव्हीवर दिसते तसली, अमेरिकेतल्या मायामीहून कॅरिबियन बेटांकडे जाणारी ही सहल नव्हे. तिथली बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारे इस्लामपूरच. आमची बोट मुंबईहून गोव्याला जाणारी. तरीही आमच्यासारख्यांना ती पुरेशी मोठी होती. रमाई जयंती वस्तीत साजरी केली आणि मग फेब्रुवारीत निघालो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून जायचे तर दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या आत जावे.

आमच्या दोघांत एकाला बारा वर्षांपासून साखर आहे, दुसरीला बीपी. म्हणून हा मजकूर आरोग्याच्या पानावर. आपल्या घरांमध्ये पन्नाशी ओलांडलेले असे जोडपे बहुतेक गल्लीत सापडेल, आणि "आजार आहे, आता कुठे जायचे?" असे म्हणून ते घरीच बसते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायाच्या दुखण्याने ते शेवटची वर्षे हैराण होते, पण त्यांचे फिरणे थांबले नाही. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, पथ्यपाणी त्या पाहत.

निघण्याआधी आठ दिवस डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. गोळ्या मोजून दोन दिवस जास्तीच्या घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. ही तिसरी गोष्ट फार कामाची ठरली. बोटीवर चढताना मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या खोलीवर नंतर कधीतरी पोहोचतात. आमच्या बॅगा आल्या तेव्हा रात्रीच्या गोळीची वेळ होऊन गेली होती. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवलेच पाहिजे. आणि एसटीच्या खिडकीशी, उन्हात ते ठेवू नये.

मळमळीची सुरुवात खरे तर खंबाटकी घाटातच होते. घाट असो की समुद्र, कारण एकच. कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारे पाणी असते. ते हलले की कान मेंदूला सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांपुढे मात्र खोलीची भिंत जागची हलत नसते. दोघांच्या सांगण्यात मेळ बसत नाही आणि पोट ढवळते. म्हणून खोलीत पडून राहण्यापेक्षा वर मोकळ्या हवेत यावे आणि लांब, जिथे आभाळ पाण्याला टेकते तिथे बघत राहावे. खोली निवडता आली तर बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, तिथे हेलकावा कमी बसतो. मोबाईल बघत बसू नये. पोट अगदी रिकामे नको, तुडुंब भरलेलेही नको. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते.

मेडिकलमध्ये प्रवासाची गोळी मिळते. ती निघण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने झोप येते, तोंड कोरडे पडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता त्या रात्रीचे सांगतो. आमच्यातल्या साखरवाल्याने नेहमीप्रमाणे गोळी घेतली, जेवण केले. तासाभरात बोट जास्त हलू लागली आणि जेवलेले सगळे बाहेर पडले. गोळी मात्र रक्तात उतरली होती. रात्री अकराच्या सुमारास अंगाला दरदरून घाम, हाताला कंप, बोलणे जड. शेजारच्या खोलीतले गृहस्थ म्हणाले, "बोट लागलीय, झोपू द्या." झोपू दिले असते तर काय झाले असते, हा विचार नको वाटतो. बीपीवालीने यंत्र काढून बोट टोचले. साखर ६१. तीन चमचे साखर अर्धा कप पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ८४. मग बिस्किटे दिली, आणि पहाटे परत एकदा तपासले.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला उलट्या झाल्या की घाम आणि कंप हे नुसत्या थकव्याचे समजू नये. साखर किंवा ग्लुकोज उशाशी ठेवावे. यंत्र नसले तरी शंका आली की साखर द्यावी, पण माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, डॉक्टरांना बोलवावे. बोटीवर डॉक्टर असतो. त्याची फी मात्र तिकिटात नसते, हे आधी विचारून ठेवावे. बीपीसाठी पाण्याची गोळी चालू असेल आणि उलट्या-जुलाब झाले तर अंगातले पाणी फार कमी होते. अशा वेळी ओआरएस सुरू करून लगेच डॉक्टरांना विचारावे.

जेवणाच्या हॉलमध्ये पन्नास पदार्थ मांडलेले. पैसे भरलेत तर सगळे खाल्लेच पाहिजे, हे आपल्या मनातून जात नाही. आम्ही आधी पूर्ण रांगेवरून फिरून यायचो आणि मगच ताट घ्यायचो. लोणचे, पापड, सॉस यांत मीठ भरपूर, तिकडे बीपीवाली गेली नाही. दारूही मांडलेली होती. आम्ही पंचशील घेऊन निघालो होतो, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पण पंचशील बाजूला ठेवले तरी साखरेच्या गोळीवर दारू घेतली की साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

एकाच हॉलमध्ये शेकडो माणसे एकाच चमच्याने वाढून घेतात, तेव्हा एकाचा आजार सगळ्यांचा होतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या बोटीवर ६६ जणांना कोरोना निघाला होता. कॅरिबियनकडच्या बोटींवर नोरोव्हायरसने जुलाब-उलट्यांची साथ अनेकदा येते. त्या विषाणूवर नुसते सॅनिटायझर पुरत नाही, साबण आणि पाणीच लागते.

बोट सुटताना लाइफ जॅकेट कसे घालायचे ते शिकवतात. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की ठरलेल्या जागी जमायचे. काही जण त्या वेळी सेल्फी काढत होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसे बुडाली, ते आम्ही विसरलो नव्हतो. जॅकेटचे पट्टे दोनदा बांधून पाहिले.

गोव्याला उतरल्यावर दुपारी वाळू तापलेली होती. साखरेने पायाची जाणीव कमी झालेल्यांना चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो. अनवाणी चालायचे नाही आणि रात्री तळवे आरशात बघायचे.

खोली आवरायला येणारा मुलगा रत्नागिरीकडचा. त्याचा करार सात महिन्यांचा, मध्ये आठवड्याची सुट्टी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कारखान्याच्या कामगारांना भरपगारी रजा मिळाली, आठवडा ४८ तासांचा झाला. विश्रांती हा हक्क आहे हे त्यांनी कायद्यात आणले, आणि आपण मात्र सुट्टीच्या दिवशीही घरातल्या बाईला उसंत देत नाही. बोटीवर आमच्यातल्या बीपीवालीला चहा कुणीतरी हातात आणून दिला. लग्नाला एकतीस वर्षे झाली, असे पहिल्यांदा घडले.

शेजारची वहिनी म्हणाली, "त्या पैशात न्हाणीला फरशी बसली असती." बसली असती, खरे आहे. ज्यांच्या डोक्यावर बचत गटाचा हप्ता आहे त्यांनी बोटीच्या नादी लागू नये, कर्ज काढून तर नाहीच. त्यांनी मुंबईला गेल्यावर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोत बसावे. तासाभराचाच समुद्र, पण दोघांनी मिळून बघितलेला. तेही जमत नसेल तर आपल्याकडून एसटीने कराड गाठावे. जखिणवाडीजवळ आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, साठाहून जास्त. सकाळी लवकर चढावे. गुडघे दुखत असतील तर काठी घ्यावी, पाण्याची बाटली आणि साखरेची पुडी खिशात असू द्यावी. आणि भाकरी आदल्या रात्री दोघांनी मिळून बांधावी.