जाणाऱ्यांना घडवणारा प्रशिक्षक

२२ जानेवारी १९८९, मायामी. अमेरिकन फुटबॉलचा तेविसावा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, संपायला ३ मिनिटं १० सेकंद उरली आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा फोर्टीनायनर्स संघ १३-१६ असा मागे आहे. चेंडू त्यांच्याकडे आहे खरा, पण स्वतःच्या गोलरेषेपासून अवघ्या ८ यार्डांवर. समोर ९२ यार्ड पसरलेले. पास फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, ज्यो मोंटाना एकेक पास देत संघाला पुढे नेतो आणि ३४ सेकंद शिल्लक असताना जॉन टेलर समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू झेलून टचडाऊन करतो. २०-१६.

अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांना हा हल्ला पाठ आहे. मला मात्र त्या दिवशी मैदानाच्या दोन कडांना उभ्या असलेल्या माणसांचं जास्त नवल वाटतं. एकीकडे फोर्टीनायनर्सचे मुख्य प्रशिक्षक बिल वॉल्श. दुसरीकडे सिनसिनाटी बेंगल्सचे मुख्य प्रशिक्षक सॅम वाइच. वाइच स्वतः क्वार्टरबॅक होते तेव्हा त्यांना बेंगल्समध्ये वॉल्श यांनी शिकवलं होतं. पुढे १९७९ ते १९८२ या काळात वाइच फोर्टीनायनर्समध्ये वॉल्श यांचे सहायक झाले आणि नवख्या मोंटानाची तयारी करून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्या संध्याकाळी वाइच यांच्या हातचा विजय हिसकावला तो त्यांनीच तयार केलेल्या मुलाने. बेंगल्सचा कारभार पाहत होते पॉल ब्राउन, वॉल्श यांचे एकेकाळचे साहेब. एकाच विद्येच्या तीन पिढ्या एका मैदानावर, आणि तिघांचा हिशेब वेगवेगळा.

हा योगायोग नव्हता. या खेळात शिष्य जातातच, आणि गेलेला शिष्य एक दिवस समोर उभा राहतोच. हे ठाऊक असूनही वॉल्श हातचं काही राखून न ठेवता शिकवत राहिले. त्यांना ते कसं जमलं?

आधी या खेळाची रीत समजून घ्यायला हवी. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये शिट्टी वाजली की प्रशिक्षकाच्या हातात फारसं काही उरत नाही. अमेरिकन फुटबॉल दर काही सेकंदांनी थांबतो, आणि प्रत्येक थांब्यानंतर अकरा खेळाडूंनी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं. कुणी किती पावलं धावून कुठे वळायचं, कुणी कुणाला अडवायचं, चेंडू केव्हा सोडायचा, सगळं. अशा शेकडो चाली प्लेबुकात असतात. त्या शिकवायला प्रत्येक जागेसाठी वेगळा सहायक प्रशिक्षक लागतो. क्वार्टरबॅकचा वेगळा, पास झेलणाऱ्या रिसीव्हरचा वेगळा, बचावफळीचा वेगळा. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाचं बरंचसं काम खेळाडूंना नव्हे, तर शिकवणाऱ्यांना शिकवण्याचं असतं. यातल्या प्रत्येक सहायकाला एक दिवस आपला स्वतःचा संघ हवा असतो.

वॉल्श यांनाही हवा होता. १९६० साली मार्व लेव्ही यांच्या हाताखाली कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी सहायक म्हणून सुरुवात केली. मग स्टॅनफर्ड, मग ओकलंड, आणि १९६८ पासून नव्याने सुरू झालेल्या बेंगल्समध्ये पॉल ब्राउन यांच्याकडे आठ मोसम. प्रशिक्षणाला वर्गाचं रूप दिलं ते ब्राउन यांनी: सहायकांना बारमाही नोकरी, खेळाडूंच्या हातात वह्या, सामन्यांच्या फिल्म लावून प्रत्येकाच्या कामाचं मूल्यमापन. वॉल्श यांची शिकवण्याची शिस्त त्या वर्गातून आली.

त्यांची सर्वांत मोठी कल्पनाही तिथेच जन्मली, आणि तीही एका दुखापतीतून. १९६९ साली बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा विलक्षण ताकदीचा क्वार्टरबॅक आला. लांबच लांब पास ही त्याची करामत. पहिल्याच मोसमात त्याचा खांदा गेला. १९७० मध्ये त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. हुशार, अचूक, पण खांद्यात तेवढा जोर नाही. लांब फेकता येत नाही, तर मग आडवं मैदान वापरू, असं वॉल्श यांनी ठरवलं. छोटे, मोजून-मापून दिलेले पास. क्वार्टरबॅकने मागे टाकलेली तीन किंवा पाच पावलं आणि रिसीव्हरचं वळण यांचा ताल असा जुळवायचा, की रिसीव्हर वळून पाहतो तेव्हा चेंडू निघालेला असावा. त्या वर्षी बेंगल्सने आपला गट जिंकला, तेही अस्तित्वाच्या तिसऱ्या मोसमात. हीच पद्धत पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ या नावाने जगाला कळली.

१९७५ चा मोसम संपला आणि ब्राउन प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले. वारस म्हणून त्यांनी वॉल्श यांना निवडलं नाही, बिल जॉन्सन यांना निवडलं. वॉल्श बाहेर पडले. इतर संघांचं मुख्य पद आपल्याला मिळू नये यासाठीही ब्राउन यांनी शब्द टाकले होते, असं वॉल्श यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. फोर्टीनायनर्सनी त्यांना बोलावलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. पहिल्या मोसमात १६ सामन्यांत २ विजय. तिसऱ्या मोसमाच्या शेवटी सुपर बोल, आणि तो जिंकला कुणाविरुद्ध? बेंगल्सविरुद्धच.

ज्याची वाट अडवली गेली तो माणूस पुढे दोनपैकी एक काहीतरी होतो. एक तर तोही वाटा अडवू लागतो, नाही तर दारं उघडून ठेवतो. वॉल्श दुसऱ्या वाटेने गेले. मला यात त्यांच्या तिन्ही अजिंक्यपदांइतकंच मोठेपण दिसतं.

डेनिस ग्रीन यांची कारकीर्द पाहा. फोर्टीनायनर्सच्या आधी वॉल्श स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक असताना त्यांचे सहायक, १९७९ मध्ये फोर्टीनायनर्सला त्यांच्याबरोबर, मग तिथून बाहेर पडून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक. १९८६ मध्ये वॉल्श यांनी त्यांना परत घेतलं. तीन मोसमांनी ग्रीन पुन्हा गेले, या वेळी स्टॅनफर्डचे मुख्य प्रशिक्षक म्हणून. १९९२ मध्ये ते मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेले, आणि स्टॅनफर्डची रिकामी खुर्ची कुणी घेतली? निवृत्तीतून परतलेल्या वॉल्श यांनी. शिष्याने सोडलेल्या जागी गुरू बसला, आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटला नाही.

पण नुसत्या मोठ्या मनाने संघ चालत नाही. सहायक एकामागून एक निघून जात असताना जिंकत राहायचं, तर ज्ञान कुणा एकाच्या डोक्यात अडकून चालत नाही. वॉल्श यांची खरी युक्ती इथे आहे. सामन्याच्या सुरुवातीच्या चाली ते आधीच क्रमाने लिहून काढत. बेंगल्समध्ये हे चार-सहा चालींपासून सुरू झालं, पुढे पंधरा, मग पंचवीसपर्यंत गेलं. साठ हजारांच्या गोंगाटात घेतलेल्या निर्णयापेक्षा शांत खोलीत घेतलेला निर्णय चांगला, हे त्यामागचं साधं कारण. शिवाय पहिल्या काही चालींत प्रतिस्पर्धी कुठे सरकतो हे पाहून पुढचा डाव रचता येतो.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. मुख्य प्रशिक्षक मैदानावर सुचेल तसं करत असेल, तर सहायकाला फक्त निकाल दिसतो. तोच प्रशिक्षक आदल्या दिवशी यादी घेऊन बसला आणि सातवी चाल सातवीच का, हे सांगू लागला, की त्याचा विचारच समोर मांडला जातो. सरावाचंही तसंच. कोणत्या मिनिटाला काय, हे कागदावर. चाली समजावण्याच्या बैठका चित्रफितींवर. चालींची नावंसुद्धा अशी, की एका दमात रचना, संरक्षण आणि रिसीव्हरची वाट तिन्ही कळावी. ती भाषा एकदा जिभेवर बसली की माणूस कुठेही गेला तरी ती बरोबर नेतो. १९८९ मध्ये वॉल्श निवृत्त झाले, त्यांचे बचावप्रमुख जॉर्ज सीफर्ट मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्याच मोसमात फोर्टीनायनर्सनी सुपर बोल ५५-१० असा जिंकला. गुरू उठून गेला तरी वर्ग चालू राहिला.

बाहेर पडलेल्यांनी नुसती नक्कल केली असती, तर ही कथा इतकी रंगली नसती. वाइच यांनी बेंगल्समध्ये जाऊन स्वतःची भर घातली. दोन चालींमध्ये खेळाडू घोळका करून पुढची चाल ऐकतात. तो घोळकाच त्यांनी काढून टाकला आणि बचावाला श्वास घ्यायला उसंत ठेवली नाही. १९८८ च्या मोसमात हाच त्यांचा रोजचा खेळ झाला. त्या मोसमात उपांत्य टप्प्यावर त्यांनी हरवलेला संघ होता बफेलो बिल्स, आणि त्याचे प्रशिक्षक होते मार्व लेव्ही! वॉल्श यांना पहिल्यांदा हाताखाली घेणारे तेच लेव्ही. पुढे याच बिल्सनी घोळक्याशिवायचा खेळ आपलासा केला आणि सलग चार सुपर बोल गाठले. जिथून वॉल्श निघाले होते, तिथेच त्यांच्या शिष्याची कल्पना जाऊन पोहोचली.

पुढची पिढी तर डोळे दिपवणारी आहे. माइक होमग्रेन हे सॅन फ्रान्सिस्कोचेच, एकेकाळचे शाळेतले इतिहासाचे शिक्षक. १९८६ मध्ये ते वॉल्श यांच्याकडे क्वार्टरबॅक प्रशिक्षक म्हणून आले आणि १९९२ मध्ये ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या पहिल्याच वर्षीच्या सहायकांत अँडी रीड, जॉन ग्रुडेन, स्टीव्ह मारियुची, रे रोड्स आणि डिक जोरॉन होते. पाचही जण पुढे मुख्य प्रशिक्षक झाले. एका छोट्या गावाच्या संघाच्या एका दालनात, एकाच वर्षी! रीड यांच्या हाताखालून जॉन हार्बॉ आणि डग पीडरसन निघाले, आणि दोघांनीही आपापल्या संघांना सुपर बोल जिंकून दिला. रीड यांनी स्वतः कॅन्सस सिटी चीफ्सबरोबर तीन जिंकले. त्यांतले दोन, २०२० आणि २०२४ मधले, फोर्टीनायनर्सना हरवून.

शिष्याच्या जाण्याची किंमतही मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. २००२ मध्ये ओकलंड रेडर्सनी ग्रुडेन यांना टँपा बेच्या संघाकडे जाऊ दिलं. बदल्यात नवे खेळाडू निवडण्याच्या चार संधी आणि ८० लाख डॉलर घेतले. त्याच मोसमाच्या शेवटी सुपर बोलमध्ये हे दोन संघ समोरासमोर आले. रेडर्सचे नवे प्रशिक्षक बिल कॅलहन हे ग्रुडेन यांचेच माजी सहायक, आणि खेळाची भाषा बरीचशी जुनीच. सरावात ग्रुडेन स्वतः रेडर्सच्या क्वार्टरबॅकची नक्कल करून आपल्या बचावाला तयार करत होते. सामन्यात रेडर्सचे पाच पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडले. ४८-२१. जी भाषा बरोबर नेता येते ती शत्रूलाही कळते, याचा इतका लख्ख पुरावा दुसरा नाही.

वॉल्श यांचं दार आणखी एका अर्थाने मोठं होतं. त्या काळी मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू भरपूर असत, पण आधुनिक एनएफएलमध्ये, म्हणजे या सगळ्या संघांच्या व्यावसायिक लीगमध्ये, कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक एकही नव्हता. पहिले आर्ट शेल, तेही १९८९ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी वॉल्श यांनी कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना आपल्या सराव शिबिरात बोलावून आतलं काम शिकवायला सुरुवात केली. लीगभर पसरलेली ती योजना आज त्यांच्याच नावाने चालते. फोर्टीनायनर्समध्ये अशी उमेदवारी केलेले मार्विन लुईस पुढे १६ मोसम मुख्य प्रशिक्षक राहिले, आणि तेही बेंगल्सचेच. २००७ च्या सुपर बोलमध्ये प्रथमच कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक उतरले आणि एकदम दोन: टोनी डंजी आणि लोव्ही स्मिथ. डंजी १९७९ मध्ये वॉल्श यांचे खेळाडू होते, नंतर ग्रीन यांचे सहायक. स्मिथ हे डंजी यांचे सहायक. त्याच वर्षी ३० जुलैला वॉल्श गेले.

फोर्टीनायनर्सचं मैदान आता सांताक्लारामध्ये आहे. तिथे आणि शेजारच्या सनीव्हेलमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत. तुमचं कुणी तिथे राहत असेल, तर एकदा त्यांच्याबरोबर सामना बघा आणि दोन्ही मुख्य प्रशिक्षक आधी कुणाचे सहायक होते, ते कुणाचे होते, असं मागे मागे जात राहा. तुम्ही किती वेळा वॉल्श यांच्यापाशी येऊन थांबता, हे पाहून थक्क व्हाल.

जे एका माणसाच्या उदारपणावर चाललं होतं, त्यातला काही भाग आता नियमात आला आहे. २०२० पासून, अल्पसंख्य समाजातला सहायक दुसऱ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, तर त्याला घडवणाऱ्या संघाला भरपाई म्हणून सलग दोन वर्षं नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या तिसऱ्या फेरीत एकेक जादा खेळाडू निवडता येतो. त्यानंतर रॉबर्ट सालेह २०२१ मध्ये न्यू यॉर्क जेट्सचे, माइक मॅकडॅनियल २०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्सचे आणि डिमेको रायन्स २०२३ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिघंही फोर्टीनायनर्सचे सहायक होते, आणि तिन्ही वेळा भरपाई फोर्टीनायनर्सना मिळाली.