बँडवाल्यांनी ठरवलेलं राष्ट्रगीत

लाइव्ह म्युझिक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? लोअर परळचा एखादा पब, कोपऱ्यात गिटारवाला, टेबलावर नाचोज. आम्हा बोईसर-तारापूरच्या मंडळींचं तसं नाही. आमचं लाइव्ह म्हणजे वरातीतला बँड. लग्नसराईत रस्ता तुंबलेला, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि घामाघूम झालेला ट्रम्पेटवाला. एमआयडीसीतून सुटून घरी निघालेलो आपण मागे हॉर्न मारत बसतो. पण बॉस, कधी विचार केलाय? लग्नात वाजवणाऱ्या माणसाच्या अंगावर फौजी कोट कशाला?

उत्तर सोपं आहे. हा सगळा जामानिमा पलटणींच्या बँडवरून आलाय. इंग्रजांच्या छावण्यांमध्ये पितळी वाद्यांचे बँड होते. ते बघून संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले आणि तिथून ही वाद्यं, कोटासकट, थेट नवरदेवाच्या घोड्यापुढे आली.

अर्थात फौजेत वाजवणं ही काही इंग्रजांची आयडिया नव्हे. मराठ्यांच्या फौजेत नगारे, शिंगं, कर्णे होतेच. आमचा तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला गेला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला. अशा धुमश्चक्रीत सरदाराचा आवाज दहा हातांपलीकडे जात नाही, नगारा जातो. फौजेतली वाद्यं जन्माला आली ती करमणुकीसाठी नाही, निरोप पोचवण्यासाठी. आपल्या मोबाईलला जशी बॉसची रिंगटोन वेगळी आणि घरची वेगळी, अगदी तसाच फंडा! बिगुलावर उठायची धून वेगळी, जेवणाची वेगळी, हल्ल्याची वेगळी. आणि गंमत म्हणजे बिगुलाला बटणं नसतात. मोजक्या चार-पाच सुरांत हा सगळा कारभार.

‘रिट्रीट’ ही त्यातलीच एक धून. सूर्य मावळला, लढाई थांबवा, छावणीत परत या. दिल्लीला दर २९ जानेवारीला विजय चौकात जे बीटिंग रिट्रीट होतं ते ह्याचंच देखणं रूप. लष्कराच्या मेजर रॉबर्ट्स यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बसवलं. आपल्या मुंबईतही नौदल सप्ताहात, डिसेंबरच्या सुरुवातीला, गेटवे ऑफ इंडियासमोर नौदलाचं बीटिंग रिट्रीट होतं. मी एकदा बोईसरहून लोकल पकडून तेवढ्यासाठी गेलो होतो. सी कॅडेट कोअरच्या पोरांचा हॉर्नपाइप डान्स मस्तच झाला, पण अंगावर काटा आला तो सगळा बँड एकदम गप्प झाल्यावर. एकटा बिगुल, आणि मागे हळूहळू उतरणारा झेंडा. शेजारी सेल्फी काढणारी गँगसुद्धा तेवढा वेळ चूप.

या वादकांची आणखी एक बाजू फार कमी जणांना माहीत असते. युद्ध पेटलं की वाद्यं बाजूला पडतात आणि बँडवाले जखमींचं स्ट्रेचर उचलतात. परेडच्या दिवशी चकचकीत क्लॅरिनेट वाजवणारा माणूस प्रथमोपचार शिकलेला असतो. सैन्याच्या बँडवाल्यांचं संगीताचं शिक्षण होतं मध्य प्रदेशातल्या पचमढीला. १९५० साली, जनरल करिअप्पांच्या काळात, तिथे मिलिटरी म्युझिकचं प्रशिक्षण सुरू झालं. स्वतंत्र देशाला स्वतःचे बँडमास्टर हवे होते.

आणि स्वतःचं राष्ट्रगीतही. इथे खरी स्टोरी सुरू होते, आणि तिचा हिरो मराठी आहे.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर बँडवाल्यांपुढे एक अगदी प्रॅक्टिकल प्रश्न उभा राहिला. सलामीच्या वेळी वाजवायचं काय? ‘गॉड सेव्ह द किंग’ आता कुणी ऐकून घेणार नव्हतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे ऑर्केस्ट्रासाठी राष्ट्रगीत मागण्यात आलं. शिष्टमंडळापाशी ‘जन गण मन’ची रेकॉर्ड होती, तीच दिली. ऑर्केस्ट्राने ती बसवली, लोकांना जाम आवडली. मग सैन्यदलांत आणि परदेशातल्या वकिलातींत तीच वाजू लागली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी ही सगळी हकिकत घटना समितीत सांगितली. त्यांचा मुद्दा स्पष्ट होता : राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची, कारण ते बँड आणि ऑर्केस्ट्रावर वाजणार. ‘वंदे मातरम्’ थोर, पण त्याची चाल बँडला सहज मानवत नाही.

हे ऐकून गप्प बसणाऱ्यांतले नव्हते मास्तर कृष्णराव. म्हणजे कृष्णराव फुलंब्रीकर, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले गायक-नट, प्रभातच्या ‘माणूस’ आणि ‘शेजारी’चे संगीतकार. ‘वंदे मातरम्’ला त्यांनी झिंझोटी रागात चाल लावली होती आणि मैफलींमधून ते गातही. स्वातंत्र्याआधी मुंबई रेडिओवर त्यांनी ते सुरू केल्यावर प्रक्षेपण तोडलं गेलं, तेव्हा त्यांनी रेडिओवर गाणंच सोडून दिलं होतं. असा माणूस ‘बँडवर वाजत नाही’ हे वाक्य कसं पचवणार?

मग त्यांनी जे केलं ते मला टोटल भारी वाटतं. पत्रकं काढली नाहीत, उपोषणाला बसले नाहीत. शास्त्रीय संगीतात मुरलेला हा माणूस मुंबईत पोलिसांच्या आणि नौदलाच्या बँडवाल्यांकडे गेला. त्यांच्या मदतीने त्याने ‘वंदे मातरम्’ बँडसाठी बसवून घेतलं. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. आपलं गाणं मींडेवर चालतं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, लांबवत. बँडला ठाशीव सूर लागतात, पावलाला लय लागते, आणि पंधरा-वीस वाद्यांना एकाच वेळी वेगवेगळे सूर वाजवता येतील असा पाश्चात्त्य पद्धतीचा स्वरमेळ लागतो. शिवाय सलामीचं गीत एका मिनिटात आटपलं पाहिजे. कृष्णरावांनी चाल सुटसुटीत केली, चालता येईल अशी केली, आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिकं दिली. ‘वाजत नाही’ म्हणणाऱ्यांना सरळ वाजवून दाखवलं!

तरी निकाल दुसरीकडे लागला. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी घटना समितीत जाहीर केलं, ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्याबरोबरीचा मान. मतदान झालं नाही. बँडचा मुद्दा हा एकमेव नव्हता, हे आज आपल्याला माहीत आहे. ‘वंदे मातरम्’च्या पुढच्या कडव्यांवरून वाद जुना होता, काँग्रेसने १९३७ सालीच फक्त पहिली दोन कडवी घ्यायचं ठरवलं होतं. ‘जन गण मन’ आझाद हिंद सेनेमुळेही लोकांच्या ओठांवर आलं होतं. माझं विचाराल तर, ५२ सेकंदांत उभं राहून ऐकायला ‘जन गण मन’ची चाल फिट्ट बसते, याबद्दल तक्रार नाही. पण ‘तुमचं गाणं बँडला जमत नाही’ हे कारण मास्तरांनी खोटं पाडलं होतं, तेवढं क्रेडिट त्यांना द्यायला आपण विसरलो.

बँडच्या यादीतली गाणी आजही भांडणाचा विषय होतात बरं का. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये गांधीजींना प्रिय असलेलं ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती भजन वर्षानुवर्षं वाजायचं. २०२२ साली ते वगळलं आणि तिथे आलं ‘ऐ मेरे वतन के लोगों’. संगीतकार? पुणतांब्याचे सी. रामचंद्र. गायिका लता मंगेशकर, २७ जानेवारी १९६३, दिल्ली. म्हणजे एक मराठी चाल १९५० साली हुकली आणि दुसरी ७२ वर्षांनी विजय चौकात पोचली. मला दोन्ही धुना आवडतात. एक काढल्याशिवाय दुसरी घालता आली नसती का, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

‘वंदे मातरम्’च्या दीडशे वर्षांचा सोहळा नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा वेगवेगळ्या चालींची चर्चा पुन्हा झाली. संसदेचं अधिवेशन संपतानाही ते वाद्यांवर वाजतंच. पुढच्या वेळी शटलमध्ये इयरफोन कानात घालाल तेव्हा मास्तर कृष्णरावांचं ‘वंदे मातरम्’ शोधा. झिंझोटी ओळखता आली नाही तरी चालेल. ऐकता ऐकता पायाने आपोआप ठेका धरला, तर १९४८ साली मुंबईच्या त्या बँडवाल्यांना काय पटलं होतं ते कळेल.