मालक सतरा, नोकरी एक

वाशीच्या घाऊक बाजारातला हमाल सकाळी एका गाळ्यावर मिरचीची पोती उतरवतो, अकराच्या सुमारास दुसऱ्याची हळद ट्रकमध्ये भरतो आणि दुपारी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लावतो. संध्याकाळपर्यंत पाच-सात व्यापाऱ्यांचा माल त्याच्या पाठीवरून गेलेला असतो, पण त्यातला एकही व्यापारी त्याचा कायम मालक नसतो. त्याला कुणी नेमणूकपत्र दिलेलं नाही, कुठल्याही दुकानाच्या हजेरीपटावर त्याचं नाव नाही. तरीही त्याचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. त्याला ग्रॅच्युइटी मिळते, दिवाळीला बोनस मिळतो, रजेचा पगारही मिळतो. कामगार कायद्याच्या नेहमीच्या तर्कात ही गोष्ट बसत नाही. महाराष्ट्रात मात्र १९६९पासून ती कायद्याने चालू आहे.

या कायद्याचं पूर्ण नाव ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’. रोजच्या बोलण्यात तो माथाडी कायदा. मुंबई-पुण्यात तो वर्तमानपत्रात येतो तो बहुधा संपाच्या किंवा खंडणीच्या बातमीतून. त्यामुळे त्याच्या मुळाशी असलेली अफलातून कल्पना फारशी कुणाच्या नजरेत भरत नाही.

ती समजून घ्यायची तर आधी इतर कायदे कसे चालतात ते पाहावं लागतं. कामगार कायदा पहिल्यांदा एकच विचारतो: तुमचा मालक कोण? १९४८च्या कारखाने अधिनियमाला दरवाजा आणि आत ठराविक संख्येने माणसं असलेला कारखाना लागत असे. १९५२चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला लागू झाला. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याने एकाच ठिकाणी सलग पाच वर्षांची सेवा मागितली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पण सुट्टी मागायला समोर गिरणी होती, गिरणीला मालक होता आणि त्या मालकांची एक संघटनाही होती. हमालाने ती कुणाकडे मागायची?

मशीद बंदर, दाणाबंदर, दारूखान्याचा लोखंडबाजार, मूळजी जेठाचा कापडबाजार या सगळ्या ठिकाणी माथाडी कायद्याआधी एकच उत्तर मिळे. व्यापारी म्हणे, मी काम मुकादमाला दिलंय, ही माणसं त्याची. मुकादम म्हणे, मी पण यांच्यासारखाच ओझं वाहतो, मी कसला मालक? ट्रकच्या फळीवरून पाय घसरून कंबर गेली तर माणूस गावी परत, आणि त्याच्या जागी त्याच गावचा दुसरा हजर. सातारा, पुणे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातून आलेली ही तरुण पोरं. पाटण-जावळीची, जुन्नर-आंबेगावची. दिवसा ज्या पेढीचा माल वाहायचा तिच्याच ओट्यावर रात्री पथारी टाकायची. मजुरी नगावर, आणि नग किती झाले हे मुकादम सांगेल तेवढे.

त्यातलेच एक अण्णासाहेब पाटील. जन्म १९३३चा, गाव पाटण तालुक्यातलं मंद्रुळकोळे. मुंबईत येऊन त्यांनी स्वतः हमाली केली आणि मग माथाड्यांची संघटना बांधली. आज त्यांचं नाव नव्या पिढीला कळतं ते त्यांच्या नावाच्या कर्ज देणाऱ्या महामंडळामुळे आणि मराठा आरक्षणासाठी मार्च १९८२मध्ये त्यांनी दिलेल्या प्राणांमुळे. माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम त्याआधीच होऊन गेलं होतं.

कल्पना अगदी आकाशातून पडलेली नव्हती. मुंबई बंदरातल्या गोदी कामगारांचा प्रश्न असाच होता. बोट आली तर काम, नाही आली तर उपास. त्यांच्यासाठी १९४८ साली केंद्राने गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा केला आणि पुढे मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. बोर्डाने कामगारांची नोंदणी केली, आणि बोटीवर माणसं हवी असलेल्या कंपनीने ती बोर्डाकडूनच घ्यायची असा दंडक पडला. गोदीच्या भिंतीच्या आत जे झालं ते भिंतीबाहेरच्या बाजारात का होऊ नये, ही माथाड्यांची मागणी. मोर्चे आणि संप बरेच झाले. अखेर वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना विधिमंडळाने कायदा केला.

आता तो चालतो कसा ते पाहू. कायद्याच्या अनुसूचीत कामांची यादी आहे: लोखंड-पोलादाचे बाजार, कापडबाजार, किराणा, कांदा-बटाटा, भाजीपाला, रेल्वेचे मालधक्के, वाहतूक अशी ती वाढत गेली. यादीतल्या कामात चढउतार, वाहणं, तोलणं, थप्पी लावणं असली अंगमेहनत करणारा माणूस हा ‘असंरक्षित कामगार’. अशा एकेका धंद्यासाठी किंवा भागासाठी एक मंडळ. मंडळावर व्यापाऱ्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने, शिवाय सरकारचे. कामगाराने मंडळात नोंद करायची, मालकानेही करायची. नोंदलेल्या मालकाने नोंदलेला कामगारच लावायचा.

पैशाची वाट इथे बदलते. व्यापारी मजुरी हमालाच्या हातात देत नाही, मंडळात भरतो. नुसती मजुरी भरून चालत नाही, तिच्यावर लेव्ही भरावी लागते. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा, पण ढोबळमानाने मजुरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास. उदाहरण म्हणून तो पस्तीस टक्के धरू. एका गाळ्यावर टोळीने हजार रुपयांचं काम केलं, तर व्यापारी मंडळात तेराशे पन्नास भरतो. हजार रुपये टोळीच्या खात्यात जातात. इतर पाच गाळ्यांची मजुरीही तिथेच येऊन पडते, आणि महिन्याच्या शेवटी टोळीतल्या माणसांमध्ये त्या एकत्र रकमेची वाटणी होऊन ज्याची त्याची रक्कम बँकेत जमा होते. वरच्या साडेतीनशेतून प्रत्येकाचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना आणि मंडळाचा कारभार यांची तजवीज होते.

म्हणजे हमालाने आयुष्यभरात शंभर व्यापाऱ्यांचा माल वाहिला तरी त्याची सेवा मंडळाच्या वहीत एकच आणि सलग राहते. एखादा व्यापारी पेढी बंद करून गेला, कुणाचं दिवाळं वाजलं, तरी त्याच्या काळात जमा झालेला फंड हमालाच्या नावावर शाबूत असतो. हक्क मालकाच्या आस्थापनेला न बांधता पोत्याला बांधला: पोतं हललं की लेव्ही निघाली. आस्थापनेत माणसं किती, पाच की पन्नास, हा प्रश्नच उरला नाही. कामावर इजा झाली तर भरपाईचा कायदा, मजुरी वेळेवर मिळण्याचा कायदा, बाईला प्रसूतीचा कायदा, हेही या कामगारांना लागू होतात अशी तरतूद अधिनियमातच आहे. टोळीचं खातं सामाईक असल्याने एक गोष्ट आपसूक घडते. एखाद्याचं वय झालं, त्याच्याने पूर्वीइतकी पोती उचलवत नाहीत, तरी वाटणीत त्याचा हिस्सा सहसा तेवढाच राहतो. हे कुठल्या कलमात नाही, टोळीच्या रिवाजात आहे.

व्यापाऱ्यांना हा कायदा कधीच गोड लागला नाही. ‘असंरक्षित’ म्हणजे नेमकं कोण, कारखान्यात कायम असलेला माणूस माल चढवत असेल तर तोही माथाडी का, यावर उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं वाद झाले.

पुण्याची गोष्ट थोडी निराळ्या अंगाने जाते. तिथे बाबा आढाव यांनी पन्नाशीच्या दशकातच हमाल पंचायत उभी केली होती. पंचायतीने १९७४मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, श्रमिकांना स्वस्तात पोटभर जेवण देणारी. पण मला पुण्याच्या हमालांची जास्त मोलाची लढाई वाटते ती वजनाची. शंभर किलोचं पोतं ही तेव्हा बाजाराची सर्वमान्य चाल होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली माणसाने वाहायच्या ओझ्याबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली ती २०१०मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. दरम्यान हमालांनी स्वतः पन्नास किलोच्या पोत्याचा आग्रह धरून ठेवला होता. आज धान्याचं, सिमेंटचं, खताचं पोतं पन्नास किलोचं किंवा त्याहून हलकं दिसतं, ते त्याचं वजन पाठीवर सोसलेल्या माणसांनी मागितलं म्हणूनही.

माथाडी कायद्याची रोपं इतरत्र लागली. महाराष्ट्रातच १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीचा कायदा झाला. इमारतीच्या गेटवर मंडळाचा गार्ड उभा असतो तो यातूनच आलेला. गुजरातने १९७९मध्ये आणि तमिळनाडूने १९८२मध्ये अंगमेहनतीच्या कामगारांसाठी मंडळांचे कायदे केले. केरळने त्याआधी, १९७८मध्ये, डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी कायदा केला. पण तिथे एक विकृतीही फोफावली. घरमालकाने स्वतःची माणसं लावून किंवा क्रेनने माल उतरवला, तरी स्थानिक हमाल बाजूला उभे राहून मजुरी मागत. तिला ‘नोक्कुकूली’ म्हणत, म्हणजे बघत उभं राहिल्याची मजुरी. केरळ सरकारने १ मे २०१८पासून तिच्यावर बंदी घातली. कामगार दिनाचा मुहूर्त धरून, हे विशेष.

आपल्याकडेही हे दुखणं आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. औद्योगिक पट्ट्यात माथाडीचं नाव पुढे करून, कधी पोतंही न उचललेल्या टोळ्या कारखानदारांकडून पैसे उकळतात. ‘बोगस माथाडी’ हा शब्द आता पोलिसांच्याही तोंडी बसलाय. असंरक्षित कामगाराची व्याख्या आवळण्यासाठी २०२३ साली दुरुस्ती विधेयक आलं तेव्हा सरकारने हेच कारण पुढे केलं. संघटनांचं म्हणणं असं की गुंड पकडायला फौजदारी कायदे पुरेसे आहेत, त्यासाठी हमालाचं संरक्षण काढायची गरज नाही. मला यात संघटनांची बाजू पटते. मात्र आपल्यातल्या गुंडांना त्यांनी वेळेवर बाहेर काढलं असतं तर ती अधिक जोरात मांडता आली असती.

दुसरा पेच शेतकऱ्याच्या पट्टीत दिसतो. कांद्याची गाडी बाजार समितीत नेली की आडत्या जी पट्टी देतो तिच्यात एकूण रकमेतून हमाली, तोलाई, वाराई वजा झालेली असते. मग त्या हमालीवरची लेव्ही कुणी भरायची? कायद्याने ती मालकाची. नाशिक जिल्ह्यात या प्रश्नावर व्यापारी आणि माथाडी मंडळ यांच्यात जुना तंटा आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये तो इतका चिघळला की लासलगावसह अनेक बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले. भांडण व्यापारी आणि हमालाचं, कांदा सडतो तो तिसऱ्याच्या चाळीत.

आणि यंत्र आहेच. कंटेनर आला तशी गोदीतली हजारो माणसं कमी झाली. आता पॅलेट आणि फोर्कलिफ्ट गोदामांत शिरल्यात. पोत्याला बांधलेला हक्क पोतं यंत्राने हललं की सैल पडतो, ही या कायद्याची खरी मर्यादा.

ज्याला हा कायदा आपल्याला लागू आहे का हे बघायचं असेल, त्याने तीन गोष्टी पाहाव्यात: आपलं काम अनुसूचीत आहे का, आपल्या भागासाठी मंडळ आहे का, आणि ज्याच्याकडे आपण काम करतो तो तिथे नोंदलेला आहे का. मालक नोंदलेला नसेल तर तक्रार मंडळाकडे करता येते. मंडळाच्या निरीक्षकाला जागेवर जाऊन कागदपत्रं तपासायचा अधिकार आहे. नोंद झाल्यावर पासबुक आणि मजुरीचा हिशेब मागून घ्यावा. संघटनेचा सभासद होणं आणि मंडळात नोंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघटनेची पावती खिशात असलेला, पण मंडळाच्या वहीत नाव नसलेला माणूस फंडाला मुकतो.

गेल्या काही वर्षांत हा कायदा नव्याने चर्चेत आलाय तो मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांमुळे. दिवसाला वीस घरं, तीन ॲप, आणि प्रत्येक कंपनीचं म्हणणं तेच जुनं मशीद बंदरचं: हा आमचा नोकर नाही, भागीदार आहे. राजस्थानने २०२३ साली अशा गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. त्यात त्रिपक्षीय मंडळ आहे, कामगारांची नोंदणी आहे आणि प्रत्येक व्यवहारावर उपकर आहे. त्याची मागणी करणाऱ्यांनी माथाडी मंडळांचा दाखला उघडपणे दिला होता. केंद्राच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वर्गणी द्यायची तरतूद आहे. ती वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के असावी, आणि कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावी. मिरचीचं पोतं उतरवून घेणारा वाशीचा व्यापारी त्याच कारणासाठी मजुरीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी रक्कम भरतो आहे.