जाळी काढा, कठडा बसवा

फुटबॉलच्या मैदानांवर आजवर झालेल्या मोठ्या दुर्घटनांत मारामारीत मेलेल्यांपेक्षा चेंगरून मेलेल्यांची संख्या कितीतरी जास्त आहे. बहुतेक ठिकाणी गर्दी पिसाळलेली नव्हती, अडकलेली होती. कुलूप घातलेले दार, अरुंद बोगदा, उंच जाळी किंवा अश्रुधूर, यांपैकी काहीतरी तिच्या वाटेत होते. तरीही पहिले बोट उठते ते प्रेक्षकांकडे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये १३ डिसेंबर २०२५ रोजी मेस्सीच्या कार्यक्रमाचा बोजवारा उडाला, तेव्हा खुर्च्या आणि बाटल्या फेकणाऱ्यांची दृश्ये जगभर फिरली. गर्दी का बिथरली याचे उत्तर मात्र मैदानातच उभे होते. हजारो रुपयांचे तिकीट काढून बसलेल्यांना मान्यवरांच्या घोळक्यातून मेस्सी धड दिसलाच नाही आणि तो लवकर निघून गेला. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही, एवढेच.

गर्दीचे शास्त्र ब्रिटनने माणसे गमावत शिकून घेतले. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना सुटताना एका जिन्यावर लोक एकमेकांवर कोसळले आणि ६६ जण दगावले. त्या धक्क्यातून १९७३मध्ये ‘ग्रीन गाइड’ ही मार्गदर्शिका आली आणि १९७५मध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेचा कायदा झाला. ‘ग्रीन गाइड’चा गाभा म्हणजे साधे अंकगणित. उभ्या प्रेक्षकांसाठी दर १० चौरस मीटरला जास्तीत जास्त ४७ माणसे. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडतात, जिन्यावरून ६६. एकेकाला आत सोडणाऱ्या टर्नस्टाइलमधून तासाला ६६०पेक्षा जास्त माणसे धरायची नाहीत. सामना सुटल्यावर प्रत्येक भागातले प्रेक्षक आठ मिनिटांच्या आत मोकळ्या वाटेला लागले पाहिजेत.

मैदानाची क्षमता म्हणजे खुर्च्यांची बेरीज नव्हे, हे या हिशेबाचे सार. आत येण्याची, मावण्याची, बाहेर पडण्याची आणि आणीबाणीत सुटका होण्याची, अशा चार क्षमता वेगवेगळ्या काढायच्या आणि त्यांतली सर्वांत लहान ती खरी मानायची. शिवाय वास्तूची अवस्था आणि व्यवस्थापनाचा दर्जा यांना शून्य ते एकपर्यंत गुण द्यायचे आणि त्यातही कमी असेल तो धरायचा. दहा हजारांच्या गॅलरीतले स्वयंसेवक अप्रशिक्षित असले आणि व्यवस्थापनाला ०.६ एवढेच गुण पडले, तर तिकिटे सहा हजारच विकता येतात. ढिसाळ कारभाराचा भुर्दंड थेट गल्ल्यावर बसत असल्यामुळे क्लबच्या मालकालाही सुरक्षेत रस घ्यावाच लागतो.

मात्र हिशेब कागदावर असणे आणि तो पाळला जाणे यांत किती अंतर असते, ते १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर दिसले. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातला एफए कपचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूने उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० प्रेक्षकांसाठी टर्नस्टाइल होत्या फक्त सात. आजच्या दराने त्या सर्वांना आत यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. सामना तीनचा. बाहेर रेटारेटी वाढली तेव्हा २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी ‘सी’ फाटक उघडले आणि सुमारे दोन हजार माणसे आत शिरली. समोरच एक उताराचा बोगदा होता आणि तो नेमका मधल्या, जाळ्यांनी वेगळ्या केलेल्या आणि आधीच भरलेल्या दोन कोंडवाड्यांत उतरत होता. बाजूच्या कोंडवाड्यांत जागा शिल्लक होती, पण बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून लोकांना तिकडे वळवायला कोणी नव्हते. पुढे, मैदानाच्या कडेला, हुल्लडबाजांना रोखण्यासाठी उभारलेली जाळी होती.

चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली की कोणाचाच तोल स्वतःच्या ताब्यात राहत नाही. मागच्याने दिलेला हलका धक्का पुढे सरकत जातो, वाढत जातो. अशा गर्दीत माणसे तुडवली जाण्याआधीच, उभ्या उभ्या, छातीवरच्या दाबाने श्वास कोंडून मरतात. पुढे काय चालले आहे हे मागच्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून ते ढकलत राहतात. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवला गेला. या दुर्घटनेतल्या मृतांची संख्या आज ९७ आहे. शेवटचा मृत्यू २०२१मध्ये झाला. चाहत्यांनीच फाटक तोडले, असे त्या दिवशी बंदोबस्ताच्या प्रमुखाने सांगितले होते. ते खोटे होते. मृत्यू बेकायदा होते आणि दोष चाहत्यांचा नव्हता, असा ज्यूरीचा निकाल यायला २०१६चा एप्रिल उजाडला.

जाळीबद्दलचा धडा खरे तर चार वर्षे आधीच मिळाला होता. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागली. त्याखाली वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला होता आणि मागची दारे बंद होती. ५६ जण गेले. पण पुढे जाळी नसल्यामुळे बाकीचे मैदानात उड्या टाकून वाचले. त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर हुल्लडबाजीतून ३९ जण मेले आणि चर्चेचा सगळा रोख गुंडगिरीवर गेला. ब्रॅडफर्डचा धडा विसरला गेला.

हिल्सबरोच्या चौकशीचा अंतिम अहवाल न्यायमूर्ती पीटर टेलर यांनी जानेवारी १९९०मध्ये दिला. वरच्या विभागांतली मैदाने १९९४पर्यंत पूर्णपणे आसनांची झाली. या अहवालाचा नेहमी सांगितला जाणारा भाग हा एवढाच. उभे राहणे मुळातच धोकादायक आहे, असे टेलर यांनी म्हटले नव्हते, हा भाग सहसा सांगितला जात नाही. आसने आली म्हणून तिकिटे फार महागण्याचे कारण नाही, हेही त्यांनी लिहिले होते आणि दाखला दिला होता आयब्रॉक्सचा: बसून ६ पौंड, उभ्याने ४ पौंड. क्लबांनी आसनांची शिफारस उचलली आणि तिकीटदरांचा सल्ला सोयीस्करपणे बाजूला ठेवला. फेब्रुवारी २०१६मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले, तेव्हा हजारो चाहते सामन्याच्या ७७व्या मिनिटाला उठून चालते झाले. क्लबला माघार घ्यावी लागली.

इंग्लंडची मैदाने सुरक्षित झाली, पण गप्पही झाली. गोलामागच्या स्वस्त गॅलरीत खांद्याला खांदा लावून गाणारी तरुण पोरे हळूहळू कमी झाली. जी उरली ती आसन असूनही उभीच राहत होती. यातला धोका वेगळा होता. पुढच्या आसनाची पाठ जेमतेम नडगीला लागते. गोल झाला की मागचा माणूस तिच्यावरून पुढच्या रांगेत कोसळतो. बसण्याचा नियम मोडला जातो हे सगळ्यांना दिसत होते, पण उभे राहणे सुरक्षित करायचे तर आधी तो नियम बदलायला हवा होता.

जर्मनीने तो मार्ग आधीच काढला होता. डॉर्टमुंडच्या दक्षिण गॅलरीत सुमारे २५ हजार माणसे उभ्याने सामना पाहतात. गॅलरीभर ठरावीक अंतरावर कठडे आहेत आणि उभ्याची तिकिटे स्वस्त आहेत. इंग्लंडने स्वीकारलेला प्रकार याहून थोडा काटेकोर आहे. प्रत्येक रांगेच्या पाठीशी कमरेएवढ्या उंचीचा पोलादी कठडा आणि त्यालाच जोडलेले घडीचे आसन. कठडा सलग असल्यामुळे मागून कितीही रेटा आला तरी माणूस आपल्याच रांगेत राहतो. एका आसनामागे एकच तिकीट, त्यामुळे उभे राहिले म्हणून दाटी वाढत नाही. हवे तेव्हा बसा, हवे तेव्हा उभे राहा. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने २०१६मध्ये असे सुमारे तीन हजार कठडे-आसने बसवली. इंग्लंडच्या वरच्या विभागांत २ जानेवारी २०२२ रोजी चेल्सी-लिव्हरपूल सामन्यापासून प्रयोग सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या हंगामापासून परवान्याने त्याला मोकळीक मिळाली. हिल्सबरोनंतरच्या ३३ वर्षांत जे वादात अडकले होते, ते एका लोखंडी दांड्याने सुटले. माहोल आणि सुरक्षा यांतले एकच मिळते, या समजाला याहून चांगले उत्तर नाही.

कठड्याने दाटी सुटते, राग सुटत नाही. त्यासाठी ब्रिटिश समाजमानसशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉट यांचे काम पाहावे लागते. गर्दीत शिरले की माणसाची अक्कल गहाण पडते, हे एकोणिसाव्या शतकातले मत अजूनही पोलिसी बंदोबस्ताच्या मुळाशी आहे. स्टॉट आणि त्यांचे सहकारी उलट सांगतात. गर्दीत अनेक गट असतात आणि त्यांतले बहुतेक शांत असतात. पोलिसांनी सरसकट लाठी चालवली की हे सगळे गट एक होतात आणि ज्याचा दंग्याशी संबंध नव्हता तोही दंगेखोराच्या बाजूने उभा राहतो. पोर्तुगालमध्ये २००४च्या युरो स्पर्धेत याची कसोटी लागली. सामन्यांच्या शहरांतल्या पोलिसांनी स्टॉट यांच्या सल्ल्याने बंदोबस्ताचा ढंग बदलला. साध्या गणवेशातले पोलिस लहान गटांनी चाहत्यांत मिसळून बोलत होते. दंगलविरोधी पथके तयार होती, पण नजरेआड. तिथे फारसा गोंधळ झाला नाही. त्याच इंग्लिश चाहत्यांचा धुडगूस झाला तो अल्बुफेरात, जिथे दुसऱ्या दलाचा अंमल होता आणि पद्धत जुनी होती.

उलटा दाखला पॅरिसचा. २८ मे २०२२ रोजी लिव्हरपूल-रेआल माद्रिद या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याआधी हजारो चाहते एका अरुंद वाटेवरच्या तिकीट तपासणीपाशी कोंडले गेले. फाटके बंद झाली, अश्रुधूर सोडला गेला, सामना अर्ध्या तासाहून उशिरा सुरू झाला. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी ३० ते ४० हजार चाहते बनावट तिकिटांनी किंवा तिकिटाविना आल्याचे सांगितले. हा आकडा चौकशीत टिकला नाही. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०२३मध्ये मुख्य जबाबदारी युएफावरच ठेवली, आणि चाहत्यांच्या सामूहिक वागण्यामुळेच बहुधा मोठा अनर्थ टळला, असा निष्कर्षही काढला.

खरोखर दंगा करायलाच येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र उरतो. ११ जुलै २०२१ रोजी युरोच्या अंतिम सामन्याला सुमारे दोन हजार जण तिकिटाविना वेम्बली स्टेडियममध्ये घुसले. तिथे गोड बोलून भागले नसते. इंग्लंडमध्ये अशांसाठी न्यायालयाची मैदानबंदी आहे, वस्तू फेकणे आणि मैदानात उतरणे हे १९९१च्या कायद्याने गुन्हे आहेत. शिक्षा एकट्याला होते, अख्ख्या गॅलरीला नाही.

अख्ख्या गॅलरीला शिक्षा देणारे साधन म्हणजे अश्रुधूर. लिमा, १९६४: तीनशेहून अधिक मृत्यू. अक्रा, २००१: सव्वाशेहून अधिक. इंडोनेशियातले मलंग, १ ऑक्टोबर २०२२: १३५. तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच. थोडे प्रेक्षक बिथरले, पोलिसांनी गॅलरीत धूर सोडला, लोक दारांकडे धावले, दारे बंद किंवा अपुरी होती. मैदानाच्या कडेला गर्दीनियंत्रणाचा वायू नेऊ नये, असे फिफाची नियमावली स्पष्ट सांगते. मलंगच्या पोलिसांपर्यंत ती पोहोचली नसावी किंवा त्यांनी ती जुमानली नाही.

भारतातही ही किंमत मोजली गेली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ चाहते मेले. सॉल्ट लेकवर १९९७मध्ये याच संघांच्या सामन्याला १ लाख ३१ हजारांची गर्दी झाली होती. तो आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो. खरे तर त्याने अंगावर काटा यायला हवा. २०१७च्या कुमार विश्वचषकासाठी आसने बदलली तेव्हा तिथली क्षमता जवळपास निम्म्यावर आणावी लागली.

महाराष्ट्रात हा विषय कोल्हापूरचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि पेठच्या पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. असा माहोल मुंबईच्या मैदानांना विकत घेऊनही मिळणार नाही. ईर्षेला पेटलेल्या समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवायची वेळही इथे आलेली आहे आणि त्यावर उपाय म्हणून दर वेळी बंदोबस्तच वाढवला जातो. युएफाने २०१२पासून प्रत्येक क्लबला चाहत्यांशी संवाद साधणारा अधिकारी नेमणे बंधनकारक केले. कोल्हापुरात त्या कामासाठी तालमीतली जाणती माणसे तयारच आहेत. पोरांना नावानिशी ओळखणाऱ्या, हाक मारली तर पोरे ऐकतील अशा माणसांना ओळखपत्र, प्रशिक्षण आणि पोलिसांशी बोलण्याचा अधिकार दिला, तर निम्मे काम होईल.

उरलेले निम्मे काम सरकारचे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका २०१४मध्येच काढली आहे. बंगळूरुत ४ जून २०२५ रोजी क्रिकेट स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून मेल्यावर कर्नाटकाने विधेयक आणले. त्याचा भर आयोजकाची परवानगी आणि शिक्षा यांवर आहे. पण शिक्षा झाली तरी ती दुर्घटनेनंतर. दुर्घटनेआधी फाटके मोजणारी, मीटरपट्टी लावून क्षमता ठरवणारी आणि कारभार ढिसाळ दिसला तर तिकिटे कमी करायला लावणारी स्वतंत्र यंत्रणा ब्रिटनमध्ये आहे, भारतात नाही. ती उभी करायला नवे शोध लागत नाहीत. मिनिटाला ८२ माणसे हा दर कोलकात्यात आणि कोल्हापुरातही तोच राहतो.